दिंडीत लॅपटॉप नाही. कॅमेऱ्यातले फोटो-व्हिडिओ वायरशिवाय फोनवर कसे आणायचे?

नीराकाठ:
नमस्कार मंडळी.

ज्येष्ठात माउलींच्या पालखीबरोबर आमच्या गावची दिंडी आळंदीहून निघते. दीडशेच्या आसपास माणसं, निम्म्याहून जास्त साठीच्या पुढची. त्यांची मुलं-सुना पुण्यात, मुंबईत, सुरतेत. संध्याकाळी तळावर टेकलं की फोन सुरू होतात. आई नीट चालतेय ना, बाबांच्या पायाला फोड आलेत का, एखादा फोटो पाठवा ना.

फोटो काढायचं काम ४ वर्षं माझ्याकडे आहे. आजवर पंढरपूरहून परतल्यावर सगळं लॅपटॉपवर उतरवायचे आणि मग सवडीने घरोघरी द्यायचे. गेल्या वर्षी आमच्यातल्या एक आजी, ३१ वाऱ्या केलेल्या, श्रावणात गेल्या. डोक्यावर तुळस घेऊन दिवे घाट चढतानाचा त्यांचा फोटो माझ्याकडे होता. त्यांच्या घरी तो तेराव्याच्या दिवशी पोचला. त्यांनी स्वतः तो पाहिलाच नाही. तेव्हापासून मनात आहे की दिवसाचे फोटो त्याच दिवशी घरच्यांपर्यंत गेले पाहिजेत.

लॅपटॉप नेणं शक्य नाही. पाऊस, चिखल, आणि सामानाच्या ट्रकमध्ये तो सांभाळणार कोण? कॅमेरा ६ वर्षांपूर्वीचा मिररलेस आहे, २४ मेगापिक्सेलचा. वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही आहेत. फोन अँड्रॉइड. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मैत्रिणीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा आहे आणि तिलाही हाच त्रास होतो.

घरी ८ दिवस प्रयोग करून पाहिले. कॅमेऱ्याचं वाय-फाय फोनला दिसतं, जोडलं जातं आणि अर्ध्या मिनिटात तुटतं. कधी टिकलंच तर आलेले फोटो लहान असतात, १६०० बाय १०८० च्या आसपास. आणि भजनाचा ६ मिनिटांचा व्हिडिओ तर तीनदा अर्ध्यावर थांबला. वायर आणि कार्ड रीडर माहीत आहेत, पण रोज भर पावसात कार्ड काढ-घाल करायची भीती वाटते. निघायला १७ दिवस उरलेत. कोणी नीट मार्ग सांगेल का?

शटरस्पीड:
ताई, मी लग्नांचे फोटो काढतो आणि नवरा-नवरीला हॉलमध्येच दहा-बारा फोटो देतो, त्यामुळे या रोजच्या मारामारीतून गेलेलो आहे. अर्ध्या मिनिटात तुटण्याचं कारण बहुतेक वेळा फोनमध्ये असतं, कॅमेऱ्यात नाही.

कॅमेरा स्वतःचं छोटं वाय-फाय तयार करतो. त्यावर इंटरनेट नसतं. फोन जोडला जातो, दोन-चार सेकंदांनी इंटरनेट तपासतो, मिळालं नाही की हे नेटवर्क निकामी आहे असं ठरवून मोबाईल डेटावर परत जातो. तुम्हाला वाटतं कॅमेऱ्याने सोडलं, पण सोडलेलं फोननेच असतं.

म्हणून आधी मोबाईल डेटा बंद करा. मग कॅमेऱ्याच्या वाय-फायला जोडा. 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का?' अशी सूचना येईल, ती नुसती बाजूला सारू नका, 'होय' म्हणा आणि 'पुन्हा विचारू नका' हेही निवडा. बऱ्याच फोनमध्ये वाय-फायच्या सेटिंगमध्ये कमकुवत नेटवर्क सोडून आपोआप डेटावर जाण्याची सोय असते, ती बंद ठेवा. व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारं ॲप असेल तर तेही तेवढ्यापुरतं बंद.

दुसरं, कॅमेऱ्याच्या ॲपला लोकेशनची परवानगी द्या. फोटो पाठवायला लोकेशन कशाला, असं मलाही वाटायचं. पण अँड्रॉइड १२ पर्यंत आसपासची वाय-फाय नेटवर्क शोधायला ही परवानगी लागायचीच. अँड्रॉइड १३ पासून 'जवळची उपकरणे' अशी वेगळी परवानगी आली. आयफोनवाल्यांनी 'लोकल नेटवर्क'ची परवानगी तपासायची. ती एकदा चुकून नाकारली की ॲप नुसतं फिरत बसतं.

एवढं करूनही अडलं तर जुनी जोडणी फोनमधून आणि कॅमेऱ्यातून, दोन्हीकडून पुसा आणि पहिल्यापासून जोडा. एकाच बाजूने पुसलं तर पुन्हा अडकतं.

हिशेबनीस:
व्हिडिओचं गणित मांडतो, म्हणजे तो का थांबतो ते कळेल.

४के व्हिडिओ अनेक मिररलेस कॅमेरे १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने लिहितात. ८ बिटचा १ बाइट, म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, मिनिटाला ७५० मेगाबाइट. तुमचं ६ मिनिटांचं भजन ४.५ जीबी झालं. आता रस्ता किती रुंद आहे ते बघा. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय आहे. खोक्यावर वेग कितीही छापलेला असो, कॅमेऱ्यातून फोनवर येताना सेकंदाला २-३ मेगाबाइट मिळाले तरी चांगलं म्हणायचं. ३ धरले तर भजनाला २५ मिनिटं लागणार. मध्ये फोनचा पडदा झोपला, कॅमेरा आपोआप बंद झाला, कोणाचा फोन आला, काहीही झालं की प्रवास तुटतो. आणि बरीच ॲप्स तुटलेली फाईल जिथे थांबली तिथून पुढे घेत नाहीत, पुन्हा शून्यापासून सुरू करतात.

फोटोचं तसं नाही. २४ मेगापिक्सेलचा जेपेग साधारण ८ ते १२ मेगाबाइटचा असतो, म्हणजे पूर्ण आकारातसुद्धा तीन-चार सेकंदांचं काम. वीस फोटो दीड मिनिटात येतात.

ब्लूटूथचा भाग वेगळा. तो फोन आणि कॅमेरा यांची ओळख जागती ठेवतो, कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी जुळवतो, फोटोवर ठिकाण नोंदवतो आणि गरज पडली की वाय-फाय सुरू करायला सांगतो. मोठा माल त्याच्याकडून वाहून होत नाही.

टेलिलेन्स:
हिशेबनीसांशी सहमत. कंपन्यांच्या ॲप्सबद्दल थोडक्यात, कारण नावं बदलत राहतात आणि लोक जुनं ॲप शोधत बसतात.

कॅननचं कॅमेरा कनेक्ट. निकॉनचं स्नॅपब्रिज, २०१६ मध्ये डी५०० कॅमेऱ्याबरोबर आलं. ब्लूटूथ सतत चालू ठेवून प्रत्येक फोटोची २ मेगापिक्सेलची प्रत आपसूक फोनवर पाठवायची, ही त्याची मूळ कल्पना. डी३४०० आणि डी३५०० मध्ये वाय-फाय नाहीच, फक्त ब्लूटूथ आहे. त्यामुळे तिथे व्हिडिओची आशा धरू नका. सोनीचं आधी प्लेमेमरीज मोबाईल होतं, २०१९ मध्ये इमेजिंग एज मोबाईल झालं आणि २०२३ मध्ये क्रिएटर्स ॲप आलं. कोणता कॅमेरा कोणत्या ॲपवर चालतो ते कंपनीच्या यादीत बघूनच उतरवा. फुजीफिल्मचं एक्सॲपही २०२३ चं.

लहान फोटोंचं कोडं सेटिंगमध्ये सुटतं. बहुतेक ॲप्समध्ये 'प्रत कोणत्या आकारात घ्यायची' असा पर्याय असतो, मूळ किंवा २ मेगापिक्सेल. तुमच्याकडे दुसरा निवडलेला आहे. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाईलमध्ये काढत असाल तर आणखी एक गोष्ट: बरेच कॅमेरे वायरलेसने रॉ फाईल देतच नाहीत, तिचा जेपेग करून देतात. वारीपुरतं रॉ अधिक जेपेग किंवा नुसता जेपेग ठेवा.

नीराकाठ:
डेटा बंद केला, 'तरी जोडलेले राहा' निवडलं, आणि सलग ४० फोटो आले! एकदाही तुटलं नाही. शटरस्पीड, तुमचे आभार कसे मानू? ८ दिवस मी कॅमेऱ्याला दोष देत होते.

आकाराचा पर्यायही सापडला. आता मूळ आकार ठेवू की लहानच?

हिशेबनीस:
लहानच ठेवा, ताई. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो असाही दाबून लहानच करतं, लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. म्हणजे तुमचा कॅमेरा जो आकार देतोय तोच शेवटी समोरच्याच्या फोनवर पोचणार. १० मेगाबाइट आणायचे आणि व्हॉट्सॲपने त्याचे अडीच-तीनशे किलोबाइट करायचे, यात बॅटरी तेवढी जाते.

छापायला लागले तरी १६०० पिक्सेलचा फोटो ६ इंच रुंदीवर इंचाला २६०-२७० ठिपके देतो. ४ बाय ६ ची प्रत छान निघेल. भिंतीवर लावायचा मोठा फोटो मात्र कार्डावरच्या मूळ फाईलमधूनच करायचा. एखाद्याला मूळ फाईल लगेच हवी असेल तर तेवढीच वेगळी आणा आणि 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तशी ती दाबली जात नाही.

वाळवंट_दुबई:
धागा वाचून राहवलं नाही. माझे बाबा दुसऱ्या दिंडीत चालतात, मी दुबईत. गेल्या वर्षी कोणा अनोळखी ताईंनी बाबांचा एक फोटो त्यांच्याच फोनवरून मला पाठवला होता. थोडा हललेला होता. मी तो मोठा करून करून बघितला, चेहरा उतरलाय का, पायात चप्पल आहे का, अंगावरचं उपरणं कोरडं आहे का. नीराकाठ ताई, लहान आकार पुरेसा आहे. फक्त माणसं पूर्ण दिसू द्या, पायांसकट. आम्ही पाय बघतो.

भाऊ_भंडीशेगाव:
माउली, मी पालखी मार्गावरचाच. आमच्या गावात मुक्काम असतो, दरवर्षी पाण्याच्या सेवेला उभा असतो. इथे यंत्राच्या गोष्टी चालल्यात, मी तळावरची सांगतो.

संध्याकाळी ६ ते १० या वेळात तळावर फोन लागत नाही. लाखो माणसं एका जागी, प्रत्येकाच्या हातात फोन. कॅमेऱ्यातून फोनवर फोटो आले तरी फोनमधून पुढे जाणार नाहीत, गोल चक्र फिरत राहील. आमच्याकडे येणारी पोरं पहाटे साडेतीन-चारला उठून पाठवतात, काकड्याच्या आधी. तेव्हा जातं झटक्यात. नाहीतर चालताना मधल्या विसाव्याला, दिंडी रस्त्याच्या कडेला थोडी सुटी असेल तेव्हा.

आणि वीज. तळावर एका बोर्डाला पंचवीस चार्जर लोंबतात. तुमचा फोन तिथे ठेवून झोपू नका.

शटरस्पीड:
भाऊंचा मुद्दा फार मोलाचा. गर्दीत २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाटही असतो. शेकडो हॉटस्पॉट, शेकडो ब्लूटूथ. हॉलमध्ये ५०० माणसं असली तरी मला फरक जाणवतो. फोन आणि कॅमेरा एकमेकांना लागून ठेवा, हातभरसुद्धा अंतर नको. कॅमेऱ्यात ५ गिगाहर्ट्झचा पर्याय असेल तर तो निवडा, पण ६ वर्षं जुन्यात तो असण्याची शक्यता कमी.

एक काम चालता चालता होऊ शकतं. फोटो निवडायचं. फोनवरून निवडायला गेलात तर ९०० फोटोंची लहान चित्रं आधी हवेतून फोनवर यावी लागतात, तिथेच वेळ जातो. त्यापेक्षा कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघून चांगल्या फोटोंना ताऱ्याची खूण द्या आणि 'स्मार्टफोनला पाठवा' हा पर्याय कॅमेऱ्यातूनच वापरा. दिवसाला २०-२५ फोटो. दीडशे माणसं, १८-१९ दिवस, प्रत्येकाची पाळी दोन-तीन वेळा येईल. मी लग्नात कागदावर यादी ठेवतो, कोणाचा फोटो गेला, कोणाचा राहिला. नाहीतर जे समोर येतात त्यांचेच दहा होतात आणि मागे चालणारी एखादी म्हातारी राहून जाते.

चिमणपाखरू:
सगळे वायरलेसच्या मागे का लागलेत ते कळत नाही. टाईप-सी चा कार्ड रीडर ५००-७०० रुपयांत मिळतो. कार्ड घाला, फोनला लावा, ४ जीबीचा व्हिडिओ मिनिटा-दीड मिनिटात येतो. परवानगी नको, डेटा बंद करायला नको, कॅमेऱ्याची बॅटरी खर्च होत नाही. मी भिगवणला रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला जातो, होडीतून उतरलो की गाडीत बसून रीडर लावतो. १० वर्षांत अडचण नाही.

नीराकाठ:
चिमणपाखरू, तुमचं म्हणणं पटतं. पण गाडीत बसून आणि तळावर, यात फरक आहे. दिवे घाटात गेल्या वर्षी सकाळपासून दुपारपर्यंत पाऊस थांबला नव्हता. कॅमेरा प्लास्टिकच्या आवरणात होता. कार्डाचं झाकण उघडलं असतं तर आत पाणी गेलं असतं. नखाएवढं कार्ड, ओले हात, पायाखाली चिखल. ते पडलं तर १८ दिवस गेले.

हिशेबनीस:
वायरलेसची खरी जागा ताईंनी दाखवली. कॅमेरा आवरणात बंद, फोन पिशवीत, आणि फोटो प्लास्टिकमधून आरपार. वेगात रीडर केव्हाही पुढे, पण काहीही न उघडता काम होणं हे फक्त वाय-फायला जमतं. मी दोन्ही नेईन. चालताना वाय-फाय, मुक्कामी कोरड्या तंबूत लांब व्हिडिओसाठी रीडर.

रीडर लावताना एक सांभाळा. काही फोन कार्ड दिसलं की 'हे कार्ड सेट करा' किंवा 'फॉरमॅट करा' असं विचारतात. घाईत होय म्हटलं की सगळं पुसलं जातं. एसडी कार्डाच्या कडेला छोटी सरकपट्टी असते, ती 'लॉक'कडे सरकवून मगच कार्ड रीडरमध्ये घाला. कॅमेऱ्यात परत घालताना पट्टी पुन्हा सोडा, नाहीतर कॅमेरा फोटो घेणार नाही.

जुनाकॅमेरा:
थोडं जुनं सांगू? कॅमेऱ्यात वाय-फाय नसायचं तेव्हा ते कार्डात यायचं. आय-फाय नावाचं एसडी कार्ड २००७ मध्ये आलं, कार्डाच्या पोटातच वाय-फाय. साध्या कॅमेऱ्यात घातलं की फोटो आपसूक संगणकावर. पुढे २०१६ मध्ये कंपनीने जुन्या कार्डांचा आधार काढून घेतला. त्यांची जुळणी कंपनीच्या सर्व्हरवरून व्हायची, त्यामुळे चांगली चालती कार्डंसुद्धा वायरलेसच्या कामाला उरली नाहीत.

तोशिबाच्या फ्लॅशएअर कार्डाची रीत वेगळी होती. ते स्वतःच छोटा वेब सर्व्हर असायचं. फोनच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की फोटो दिसायचे, ॲप नसलं तरी चालायचं. माझ्याकडे १६ जीबीचं आहे, २०१४ सालचं, जुन्या डीएसएलआरमध्ये अजून चालतं. हे मुद्दाम लिहिलं, कारण ज्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात वाय-फाय नाही ते असं कार्ड जुन्या बाजारात शोधतात. घेताना एवढंच पाहा की त्याला कंपनीच्या खात्यात शिरावं लागत नाही ना.

नीराकाठ ताईंना सल्ला: ॲप घरूनच उतरवून, खातं उघडून, एकदा पूर्ण चालवून निघा. जेजुरीला पोचल्यावर ॲपने नवा पासवर्ड मागितला आणि नेट नसलं तर अडाल. ॲप आपोआप अपडेट होणंही तीन आठवडे बंद ठेवा.

निळीशाई:
मी वर्तमानपत्रासाठी फोटो काढतो. निकॉन झेड९, कॅनन आर३, सोनी ए१ यांसारख्या कॅमेऱ्यांतून एफटीपीने, म्हणजे नेटवरून फाईल पाठवायच्या एका पद्धतीने, फोटो थेट कार्यालयातल्या संगणकावर जातात, मधे फोनचं ॲप लागत नाही. फोनचा हॉटस्पॉट कॅमेऱ्याला द्यायचा, बस. तुमच्या कामाला त्याची गरज नाही, पण कोणी विचारेल म्हणून लिहून ठेवतो.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांसाठी. २०१९ मध्ये चेक पॉइंट या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी कॅननच्या ८०डी कॅमेऱ्यामध्ये वाय-फायवरून शिरून कार्डावरचे फोटो कुलूपबंद करून दाखवले होते. फोटो देवाणघेवाणीच्या ज्या प्रमाणित भाषेत कॅमेरा बोलतो तिच्या अंमलबजावणीतल्या त्रुटी त्यांनी वापरल्या. कॅननने त्याच वर्षी दुरुस्ती दिली. कॅमेऱ्याचं स्वतःचं, पासवर्ड असलेलं वाय-फाय वापरा. लॉज, हॉटेल, स्टेशन इथल्या खुल्या नेटवर्कला कॅमेरा जोडू नका, आणि काम झालं की कॅमेऱ्याचं वाय-फाय बंद.

मोगरा_सातारा:
एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

मुलीच्या बारशाचे फोटो मी वाय-फायने फोनवर घेतले. सगळे आले, मोजून पाहिले, २१२. कार्ड फॉरमॅट केलं आणि दुसऱ्या दिवशी गावी नेलं. महिन्याभराने सासूबाईंसोबतचा फोटो मोठा करायला दिला तेव्हा स्टुडिओवाला म्हणाला, ही लहान प्रत आहे, मूळ आणा. मूळ कुठेच नव्हतं. २१२ च्या २१२ फोटो २ मेगापिक्सेलचे. सासूबाई आता नाहीत. फोटो आहे, पण चौकटीत जेवढा हवा होता तेवढा होत नाही.

ताई, फोनवर आलं म्हणून कार्ड पुसू नका. काहीही झालं तरी पुसू नका. कार्डं जास्त न्या.

नीराकाठ:
मोगरा, वाचून काळजात चर्र झालं. तुमचं ऐकते. आज ६४ जीबीची आणखी दोन कार्डं घेतली. भरलेलं कार्ड डबीत जाणार, घरी येईपर्यंत फॉरमॅट नाही.

आता दोनच शंका. बॅटरी, आणि भजनाचे व्हिडिओ.

हिशेबनीस:
बॅटरी: मिररलेसची बॅटरी साधारण ७.२ व्होल्ट, १००० मिलिअँपिअर-तास, म्हणजे ७ वॅट-तासांच्या आसपास. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची. कागदावर दहा वेळा भरेल, प्रत्यक्षात सहा-सात धरा, आणि त्यातच फोनही आहे. यूएसबीने चार्ज होणारा बॅटरीचा छोटा चार्जर घ्या, म्हणजे कॅमेरा वापरात असतानाही दुसरी बॅटरी भरता येते. वाय-फाय चालू असताना कॅमेरा बॅटरी खातो, म्हणून दिवसातून दोनदाच लावा. ब्लूटूथने प्रत्येक फोटो आपसूक पाठवायची सोय असेल तर ती बंद. पाठवतानाच्या वेळेपुरतं 'आपोआप बंद' होण्याचा कालावधी वाढवून ठेवा.

फोनमधलं क्लाउडवरचं आपोआप बॅकअपही बंद करा. दिवसाला दीड जीबीचा पॅक असतो, फोटो फोनवर आले की तो गुपचूप सगळे वर चढवायला लागतो आणि संध्याकाळी ग्रुपवर टाकायला डेटा उरत नाही.

टेलिलेन्स:
व्हिडिओसाठी: पाठवायचे असतील ते मुळातच वेगळे घ्या. फुल एचडी, कमी दर, १५-२० सेकंद. ती फाईल शंभर मेगाबाइटच्या आत बसते आणि मिनिटभरात येते. जपून ठेवायचं भजन ४के मध्ये घ्या आणि कार्डावरच राहू द्या. सोनीच्या ए६४०० सारख्या काही कॅमेऱ्यांत प्रॉक्सीची सोय आहे, मोठ्या व्हिडिओसोबत त्याचीच एक हलकी प्रत त्याच वेळी लिहिली जाते आणि फोनवर तीच पाठवता येते. तुमच्या कॅमेऱ्याच्या मेनूत हा शब्द दिसतो का पाहा. सहा-आठ वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यांत व्हिडिओचा प्रकारही तपासा, काही कॅमेरे एमपी४ पाठवतात पण एव्हीसीएचडी पाठवत नाहीत.

भाऊ_भंडीशेगाव:
माउली, एक विनंती. नीरेत, चंद्रभागेत आयाबाया स्नान करत असतात. तिथले फोटो आपोआप कुठे जाणार नाहीत एवढं बघा. हाताने निवडून पाठवताय ते सगळ्यात चांगलं.

नीराकाठ:
भाऊ, स्नानाच्या ठिकाणी मी कॅमेरा पिशवीतच ठेवते. आणि मुक्काम तुमच्या गावी असेल तेव्हा पाण्याच्या टँकरपाशी येऊन भेटते.

उद्या आळंदीला निघतोय. राम कृष्ण हरी.

नीराकाठ:
तरडगावच्या तळावरून लिहितेय. पहाटेचे पावणेचार. नेट आहे.

आठवडाभराचा अनुभव सांगते, पुढे कोणाच्या उपयोगी पडेल.

आळंदीत जमलंच नाही. गर्दी इतकी की कॅमेऱ्याचं वाय-फाय फोनच्या यादीत दिसायलाच वेळ लागे. पुण्यात दोन मुक्काम होते, तिथे यादी केली, प्रत्येकाच्या नावापुढे घरचा नंबर. दिवे घाटात यंदाही पाऊस लागला. कॅमेरा आवरणात, फोन कॅमेऱ्याच्या पिशवीत त्याला लागून, आणि घाट चढून वर विसाव्याला बसेपर्यंत ११ फोटो फोनवर आलेले. झाकण उघडलं नाही. तिथे माथ्यावर नेट मिळालं आणि ते तसेच पुढे गेले.

सासवडला एक फजिती झाली असती. जोडणी होईना. अर्धा तास गेला. मग लक्षात आलं की संध्याकाळी फोन करायला डेटा चालू केला होता आणि बंद करायचा राहिला. शटरस्पीड, तुमचा पहिला प्रतिसाद स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, तो रोज उघडते.

काल चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं. माउलींचा अश्व धावत आला तो १८ सेकंदांचा व्हिडिओ, फुल एचडी. ५५ मेगाबाइट. तळावर पोचल्यावर अर्ध्या मिनिटात फोनवर आला. आमच्यातले एक आबा, ७८ वर्षांचे, त्यात अगदी पुढे उभे आहेत, हात जोडलेले. त्यांची मुलगी सुरतेला असते. रात्री गेला नाही, आत्ता साडेतीनला पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या, ती जागीच होती. तिने एवढंच लिहिलं, 'बाबांच्या गुडघ्याला पट्टा दिसत नाही, हरवला का?' आबांना उठवून विचारलं. पट्टा लोणंदला राहिला होता. आज फलटणला औषधाच्या दुकानातून नवा घ्यायचाय, यादीत लिहून ठेवलाय.

वाळवंट_दुबई, सगळे फोटो पायांसकट काढतेय.

पहिलं कार्ड भरलं. पट्टी लॉक करून, डबीत घालून, अण्णांच्या पिशवीत तुळशीमाळेच्या खणात ठेवलंय. काकडा सुरू झाला, निघते.